सुवर्णपदक आणि श्यामची आई
सरकार दरबारी चित्रपटांना राजमान्यता देण्याचा उपक्रम १९५४ साली सुरू झाला, तेव्हा राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक, हिंदी चित्रसृष्टीचा एवढा दबदबा असतानाही, आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटास मिळाले. परंतु ‘सिकंदर’मधील रुखसानाचे राजस वैभव बाजूस सारून कोकणातील दरिद्री गृहिणीचे सोशीक वात्सल्य जिने साकार केले, त्या वनमालेच्या, किंवा श्याम झालेल्या बालनट माधव वझ्यांच्या अभिनयाला वेगळे पारितोषिक नव्हते, कारण तत्कालीन नियमांत सन्मान होई तो कृतीचा, नटाचा नव्हे. (नटांवाचून कृती कशी उभी राहते, हे नियमकर्तेच जाणोत!) ती उणीव पुढे १९६७च्या चित्रपटांपासून भरून निघाली आणि उत्तमकुमार व नर्गिस पहिले मानकरी ठरले.