विमानतळावरील कॉफी : मोल पैशाचे आणि वेळेचे

पहाटेचे विमान गाठावयाचे म्हणजे मध्यरात्रीच घर सोडणे आले. सामान सोपवून सुरक्षा तपासणी पार पडली, की थकलेल्या प्रवाशाला पहिली आठवण होते ती वाफाळत्या कॉफीची. मात्र फलकावरील दर वाचताच खिशाकडे गेलेला हात थबकतो. रस्त्यावरच्या उपाहारगृहातील तीच कॉफी येथे इतकी महाग का, असा प्रश्न साहजिकच मनात येतो.

विमानतळावरील जागा मोजकी असते. ती मिळविण्यासाठी विक्रेत्याला किमान रक्कम अथवा विक्रीतील ठरावीक हिस्सा विमानतळ चालविणाऱ्या संस्थेस द्यावा लागतो. प्रत्येक वस्तू व कर्मचारी सुरक्षा तपासणीतून आत येतो. त्याचाही खर्च असतो. या उत्पन्नाला दुसरी बाजूही आहे. २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणानुसार, विमानतळाची शुल्के ठरविताना अशा बिगर-वैमानिक उत्पन्नातील ३० टक्के वाटा हिशेबात धरला जातो आणि शुल्काचा भार तेवढा हलका होतो. म्हणजेच कॉफी पिणारा प्रवासी नकळत विमानतळाच्या खर्चालाही हातभार लावीत असतो.

सर्वांनाच हा हातभार परवडत नाही. म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाले. प्रारंभी तेथे चहा व पाण्याची बाटली प्रत्येकी १० रुपयांना, तर कॉफी व समोसा प्रत्येकी २० रुपयांना ठेवण्यात आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये चेन्नई येथेही असे कॅफे उघडले. याखेरीज पिण्याचे पाणी विमानतळावर विनामूल्य मिळते. देशांतर्गत प्रवासात घरून नेलेली पोळी-भाजी, पराठे वा इडल्या यांनाही सामान्यतः आडकाठी नसते.

काही डेबिट व क्रेडिट कार्डांवर विश्रामकक्षात, म्हणजे लाउंजमध्ये, प्रवेश व अल्पोपाहार मिळतो. परंतु ही सवलत सरसकट नसते. भेटींची संख्या मर्यादित असते आणि अनेक कार्डांना आधीच्या तिमाहीतील किमान खर्चाची अट असते. रांगेत उभे राहून दारातून परतण्यापेक्षा निघण्यापूर्वी या अटी तपासून घेणे श्रेयस्कर.

पैशापेक्षाही महत्त्वाचा हिशेब आहे तो वेळेचा. तिकिटावर ६.३० अशी वेळ असेल, तर ती उड्डाणाची असते. देशांतर्गत विमानाचे प्रवेशद्वार सामान्यतः त्याआधी २५ मिनिटे, म्हणजे ६.०५ वाजताच बंद होते. काही विमानतळांवर शांतता राखण्यासाठी घोषणा कमीत कमी केल्या जातात. त्यामुळे हाक येईल या भरवशावर कॉफीचे घोट घेत बसलेला प्रवासी मागे राहू शकतो. मोठ्या विमानतळावर प्रवेशद्वार दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवरही असते. म्हणून आधी आपले प्रवेशद्वार शोधावे आणि मग त्याच्या जवळचे उपाहारगृह. वेळ बेताचा असल्यास ताज्या डोशाची वाट न पाहता तयार इडली वा सँडविच घ्यावे आणि फलकावर नजर ठेवावी.

द्वार बंद झाल्यावर पोहोचणाऱ्यास बहुतांश वेळा कर व विमानतळ शुल्क तेवढे परत मिळते. मूळ भाडे बुडते. मग दोनशे रुपयांची कॉफी काही हजारांना पडते! घड्याळाशी मेळ घालून घेतलेला घोटच खऱ्या अर्थाने चवदार लागतो.