ऐन डिसेंबरात टोर्नेडो! तो येणार हे आधी कळतं का?

१० डिसेंबर २०२१. एकाच वादळी सिस्टिमने अमेरिकेच्या उत्तरेला, मिनेसोटात, जोरदार बर्फ पाडला आणि त्याच रात्री केंटकी राज्यातलं मेफिल्ड शहर टोर्नेडोने उद्ध्वस्त केलं. या एका टोर्नेडोने सुमारे २६६ किलोमीटरचा पट्टा कापला आणि ५७ जणांचा जीव घेतला.

मग हवामान विभागाला आधी कळलं नव्हतं का? कळलं होतं.

थंडीत टोर्नेडो कसा?

कमी दाबाच्या अशा मोठ्या क्षेत्राच्या मागे उत्तरेची गार हवा असते, तर पुढच्या बाजूला मेक्सिकोच्या आखातावरची उबदार, दमट हवा ओढली जाते. त्या दिवशी मेम्फिसमध्ये पारा २६ अंशांवर होता. डिसेंबरात! त्यात हिवाळ्यात वरच्या थरातले वारे प्रचंड जोरात वाहतात. जमिनीजवळचा वारा एका दिशेने आणि वरचा दुसऱ्या दिशेने, जास्त वेगाने, असं झालं की ढग गरगरायला लागतो. दमट हवा थोडी मिळाली तरी पुरते. पण ती 'थोडी' किती असेल, इथेच अंदाज अडतो. आधीच पाऊस पडून हवा गार झाली, तर सगळं फुस्स.

१५ टक्के म्हणजे कमी?

ओक्लाहोमातलं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर ८ दिवस आधीपर्यंतचे धोक्याचे नकाशे काढतं. त्या दिवशी धोका पाचपैकी चौथ्या पायरीवर होता आणि टोर्नेडोची शक्यता १५ टक्के. ऐकून वाटेल, म्हणजे ८५ टक्के सेफ! पण हा आकडा तुमच्यापासून ४० किलोमीटरच्या आत टोर्नेडो होण्याचा असतो. एरवी तो शून्याच्या आसपास असतो.

गाव कोणतं, हे मात्र आदल्या दिवशी सांगता येत नाही. त्यासाठी दोन शब्द आहेत. 'वॉच' म्हणजे पुढचे काही तास या भागात टोर्नेडो होऊ शकतो. 'वॉर्निंग' म्हणजे रडारवर फिरणारा ढग दिसलाय किंवा कुणी टोर्नेडो पाहिलाय. तुमचं कुणी तिकडे असेल तर एवढं नक्की सांगा: वॉर्निंग वाजली की व्हिडिओ काढत बसायचं नाही. तळघरात जायचं. ते नसेल तर सगळ्यात खालच्या मजल्यावरची, खिडकी नसलेली खोली गाठायची. हातात अनेकदा मोजकीच मिनिटं असतात.

मेफिल्डला वॉर्निंग मिळाली होती. टोर्नेडो रात्री साडेनऊच्या सुमारास आला, अंधारात. तिथल्या मेणबत्तीच्या कारखान्यात रात्रपाळी सुरू होती. ९ कामगार गेले. घरी जाऊ दिलं नाही, असा आरोप वाचलेल्या काही कामगारांनी नंतर केला, कोर्टातही गेले. कंपनीने तो फेटाळला.