जोर नको, जागा हवी

"सर, बोटं लय दुखून रायले. म्हणजे बराबर सुरू आहे ना?"

नवा विद्यार्थी आला की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हा प्रश्न येतोच, आणि विचारताना आवाजात थोडा अभिमानही असतो. भंडाऱ्यात खांब तलावाच्या बाजूला माझा गिटारचा वर्ग आहे. वरठी, मोहाडी, लाखनी, जवाहरनगरहून मुलं येतात. बहुतेकांच्या घरी धानाची शेती. आईबाप चिखलात वाकून राबताना पाहतच ती मोठी झालेली असतात. त्यामुळे अंग दुखलं म्हणजे काम झालं, हा हिशेब त्यांच्या मनात पक्का असतो. त्यांच्या कष्टाळूपणाचा मला मनापासून आदर आहे. पण गिटारपुरता हा हिशेब चुकीचा आहे. इथे सूर निघतो तो बोट योग्य जागी पडल्यामुळे, आणि जागा बरोबर असली की जोर अगदी थोडा पुरतो. ही गोष्ट मुलांच्या हातात उतरवणं हेच माझं काम.

फ्रेटला खेटून

गिटारच्या मानेवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. आपण तार दाबतो तेव्हा ती फ्रेटवर टेकते आणि तिथपासून ब्रिजपर्यंतचा, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा टेकतात त्या पट्टीपर्यंतचा, तिचा भाग वाजतो. म्हणजे सूर ठरवतो तो फ्रेट. बोटाला फक्त तार फ्रेटवर टेकवून धरायची असते. म्हणून बोट दोन फ्रेटच्या मधोमध न ठेवता पुढच्या फ्रेटच्या अगदी मागे, त्याला खेटून ठेवायचं. तिथे सर्वांत कमी ताकद लागते. बोट जितकं मागे सरकेल तितका जोर वाढवावा लागतो, नाहीतर तार खरखरते. उलट बोट थेट फ्रेटवरच चढलं तर मांसाचा भाग वाजत्या तारेला लागतो आणि आवाज दबतो.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून मी एक प्रयोग करायला लावतो. तुमच्या घरी गिटार असेल तर आत्ताच करून पाहा. तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटच्या मागे बोट नुसतं टेकवा, दाबू नका. उजव्या हातानं तार छेडत राहा. आधी फक्त टकटक ऐकू येईल. आता दाब अगदी हळूहळू वाढवा. टकटकीची खरखर होईल, आणि एका क्षणी सूर स्वच्छ उमटेल. तिथेच थांबा. एवढाच दाब लागतो, त्याच्यापुढचा सगळा वाया. मग बोट सेंटीमीटरभर मागे घेऊन हेच पुन्हा करा, फरक बोटालाच कळेल. बहुतेक मुलं पहिल्यांदा हा प्रयोग करतात तेव्हा चकित होतात, कारण रोज ती याच्या कितीतरी पट जोर लावत असतात.

जास्त दाबण्याचा तोटा थकव्यापुरताच नाही. तार गरजेपेक्षा जास्त दाबली की ती ताणली जाते आणि सूर चढतो. मोबाइलवरच्या ट्यूनरनं गिटार अचूक लावली, तरी कॉर्ड बेसूर का वाजतो, असं मुलं विचारतात. अनेकदा उत्तर डाव्या हाताच्या मुठीत असतं.

अंगठा मानेच्या मागे, साधारण मधल्या बोटासमोर, सैल टेकलेला असावा. बोटांची शेवटची पेरं वाकलेली असावीत, म्हणजे शेजारच्या तारेला धक्का लागत नाही. डाव्या हाताची नखं कापलेलीच हवीत.

लहान हात, मोठे घर

फ्रेट सारख्या अंतरावर नसतात, हे मुलांच्या लवकर लक्षात येत नाही. तारेची वाजती लांबी 650 मिलिमीटर धरली तर पहिला फ्रेट नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, सुमारे 36.5 मिलिमीटरवर येतो. पुढचं प्रत्येक घर, म्हणजे दोन फ्रेटमधली जागा, आधीच्यापेक्षा ठरावीक प्रमाणात लहान होतं आणि बाराव्या फ्रेटनंतरचं घर पहिल्याच्या बरोबर निम्मं, म्हणजे 18 मिलिमीटरच्या आसपास असतं. आपण मात्र नवशिक्यांना पहिल्याच फ्रेटपाशी, म्हणजे सर्वांत मोठ्या घरात बसवतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलीची बोटं तिथे पुरत नाहीत आणि तिला वाटतं, आपला हातच गिटारचा नाही. तिच्यासाठी मी पाचव्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावतो. तिथलं पहिलं घर सुमारे 27 मिलिमीटरचं होतं, त्याच कॉर्डना हात सहज पुरतो.

एफ कॉर्डचंही तसंच. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं टाकताना अनेकांचा धीर सुटतो. हाच आकार आधी पाचव्या फ्रेटवर धरा, तिथे तो ए कॉर्ड होतो आणि कमी जोरात वाजतो. पहिलं बोट सपाट न ठेवता अंगठ्याकडच्या कडेवर किंचित कलतं करा, तिथे हाड असतं आणि मांस कमी. कोपर बरगड्यांजवळ घ्या आणि अंगठ्यानं चिमटा काढण्याऐवजी हाताचं वजन मागे ओढलं जाऊ द्या.

कॉर्ड बदलताना सगळी बोटं उचलून पुन्हा पेरायची गरज नसते. ए मायनरवरून सी-वर जाताना पाहा. पहिलं बोट दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, दुसरं चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. ही दोन्ही बोटं हलतच नाहीत. फक्त तिसरं बोट तिसऱ्या तारेवरून उठून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जातं. प्रत्येक कॉर्डबदलात 'कोणतं बोट राहिलं, कोणतं गेलं' हे मी मुलांना मोठ्यानं म्हणायला लावतो.

जांगो राइनहार्ट या जिप्सी वादकाचं उदाहरण मी नेहमी देतो. 1928 साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची शेवटची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पुढे उरलेल्या दोन बोटांवर त्यानं अशी एकल सुरावट उभी केली, की युरोपच्या जॅझमध्ये गिटारला मानाचं स्थान मिळालं. बोट नेमकं कुठे पडलं पाहिजे, हे त्याला नव्यानं शोधावं लागलं, आणि त्यानं ते शोधलं.

बोलतो तो उजवा हात

सगळ्यांचं लक्ष डाव्या हाताकडे असतं, कारण अडचण तिथे दिसते. पण ताल, आवाज, हळुवारपणा, राग हे सगळं उजव्या हाताकडे आहे. इटलीच्या माउरो ज्युलियानीनं 1812 मध्ये व्हिएन्नात उजव्या हातासाठी 120 अभ्यास छापले. त्यांत डाव्या हाताला बहुतेक सी आणि जी सेव्हन हे दोनच कॉर्ड दिले आहेत. कॉर्ड दोन, पण उजव्या हाताच्या चाली 120. आजही जगभरचे विद्यार्थी ते वाजवतात.

बोटांनी वाजवताना अंगठा जाड तारा सांभाळतो आणि पहिली तीन बोटं पातळ तारा. नखानं छेडावं की मांसानं, हा वाद जुना आहे. एकोणिसाव्या शतकात स्पेनचे फर्नांडो सोर बिननखाचे आणि दिओनिसिओ आग्वादो नखाचे पुरस्कर्ते होते. तरीही दोघे मित्र होते आणि सोरनं दोघांनी मिळून वाजवायची रचनाही केली. मुलांना मी म्हणतो, दोन्ही करून पाहा आणि आपला आवाज निवडा.

पिक धरताना तो पहिल्या बोटाच्या कडेवर ठेवून वर अंगठा टेकवायचा, टोक फक्त थोडं बाहेर. टोक जास्त बाहेर राहिलं तर ते तारांत अडकतं. सुरुवातीला पातळ पिक घ्यावा, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा. स्ट्रमिंग कोपरातून करायचं नसतं. हात धुतल्यावर पाणी झटकतो तसा मनगटाचा सैल फेरा हवा.

कुठे छेडता यानंही आवाज बदलतो. तारेच्या मध्याकडे छेडलं तर सूर गोल, मऊ येतो. ब्रिजजवळ छेडलं तर तीक्ष्ण येतो, कारण तिथे तारेतले वरचे उपस्वर जास्त जागे होतात. एकच ए मायनर ब्रिजपासून बाराव्या फ्रेटपर्यंत हात सरकवत वाजवून पाहा. डावा हात जागचा हलत नाही आणि तरी कॉर्डचा स्वभाव बदलत जातो.

आपल्या मुलांकडे एक ठेव आधीच आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. गावातलं भजनी मंडळ, तुकडोजी महाराजांच्या भजनांतली खंजिरी, भीमगीतं, दिवाळीनंतरच्या मंडईतली दंडार आणि रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं, यांतून केरवा आणि दादरा त्यांच्या कानात मुरलेला असतो. म्हणून स्ट्रमिंगचे खाली-वरचे बाण मी फळ्यावर काढत बसत नाही, ठेका म्हणायला लावतो. 'धा गे न ती, न क धि न' या आठ मात्रा. एक मात्रा खाली, पुढची वर. धा खाली, गे वर, न खाली, ती वर. हात सतत हलता ठेवायचा, जी मात्रा नको ती तारेला न लागता हवेतून जाऊ द्यायची. दादऱ्याच्या सहा मात्रांत याच चालीनं दुसरा 'धा' वरच्या फटक्यावर येतो. वर जाताना वजन द्यायला हात लवकर तयार होत नाही, म्हणून तो सावकाश घोटावा लागतो.

'यादों की बारात' या 1973 च्या चित्रपटातलं 'चुरा लिया' सगळ्यांनाच वाजवायचं असतं. त्यातली गिटार भूपिंदर सिंग यांची. ती ऐकताना मी सांगतो, कॉर्ड नंतर शोधा, आधी प्रत्येक तार किती सारख्या वजनानं सुटते ते ऐका.

रोवणी आणि उन्हाळा

जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी सुरू झाली की मुलं घरच्या बांधीत उतरतात. दिवसभर पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, हाताळून, पाण्यात राहून बोटांची टोकं मऊ पडतात आणि महिनोन्महिने घट्ट झालेली कातडी सोलवटते. अशा बोटांनी तारा दाबल्या तर जखम होते. म्हणून त्या दिवसांत डाव्या हाताला सुट्टी. मोकळ्या तारांवर फक्त उजव्या हाताचा रियाज. रोवणी आटोपून मुलं परततात तेव्हा त्यांचा ठेका आधीपेक्षा पक्का झालेला असतो.

वाद्यालाही हंगाम सोसावे लागतात. सहा तारांचा मिळून ताण साठ-सत्तर किलोच्या घरात असतो. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, वरची फळी फुगते, तारा उंच होतात. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा लाकूड आकसतं, तारा फ्रेटवर झणझणतात, फ्रेटची टोकं बोटाला टोचतात. गिटार टिनाच्या खोलीत किंवा उन्हाच्या बाजूच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज घालून पेटीत ठेवावा.

स्वस्त गिटारच्या तारा अनेकदा मुळातच उंच असतात. तपासायची रीत सोपी आहे. तार तिसऱ्या फ्रेटमागे दाबा आणि पहिल्या फ्रेटवर पाहा. तिथे कागद जाईल एवढीच फट हवी. बाराव्या फ्रेटवर तार दोन-अडीच मिलिमीटरपेक्षा फार वर असेल तर जाणत्या कारागिराकडून नट आणि ब्रिजचं हाड घासून घ्या. मोठी नवी गिटार घेण्यापेक्षा हा खर्च पुष्कळ कमी आहे.

दुखतं कुठे, हे विचारा

सुरुवातीच्या आठवड्यांत बोटांची टोकं हुळहुळणं स्वाभाविक आहे. दहा-पंधरा मिनिटं वाजवून विश्रांती घेतली की कातडी आपोआप घट्ट होते. पण अंगठ्याच्या बुडाशी, मनगटात किंवा कोपराखाली दुखत असेल तर ते मेहनतीचं लक्षण मुळीच नाही. तिथे वादन थांबवून हाताची ठेवण तपासायची, आणि दुखणं टिकलं तर डॉक्टरांना दाखवायचं. सोसत राहिल्यानं वादक तयार होत नाही, हात मात्र कायमचा बिघडू शकतो.

म्हणून आईबापांना माझी कळकळीची विनंती आहे. मूल गिटार घेऊन बसलं आणि तार खरखरली, तर 'अजून जोरानं दाब' म्हणू नका. बोट फ्रेटपासून किती लांब आहे ते त्याच्या शेजारी बसून पाहा. त्यासाठी तुम्हाला संगीत यायला हवं असं नाही. बोट अर्धा सेंटीमीटर पुढे सरकलं की सूर मोकळा होतो, आणि तो मोकळा झालेला सूर मुलाला दुसऱ्या दिवशी पुन्हा गिटार हातात घ्यायला लावतो.