बाहुल्या परतल्या, भारावले ते पालकच

‘द मपेट्स’ हा चित्रपट नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेत झळकला, तेव्हा डोळे पाणावल्याची कबुली देणारे बालप्रेक्षक नव्हते. ते त्यांना घेऊन आलेले पालक होते. जिम हेन्सन यांच्या बाहुल्यांचा ‘द मपेट शो’ १९७६ ते १९८१ या काळात दूरचित्रवाणीवर पाहत वाढलेली ही पिढी.

या भावुकतेचे कारण कथानकातच आहे. जगाने विसरलेली, विखुरलेली ही बाहुलेमंडळी आपले जुने नाट्यगृह वाचविण्यासाठी पुन्हा एकत्र येतात. कर्मिट या बेडकाला भीती एकच, आता आपल्याला पाहायला येणार कोण? प्रेक्षागृहात बसलेला प्रौढ प्रेक्षकच त्याचे उत्तर ठरतो. शिवाय संगणकीय ॲनिमेशनच्या जमान्यातही या बाहुल्या हातानेच नाचविल्या गेल्या, हे जाणकारांना विशेष भावले.

नाराजीचा सूर उमटला तो मात्र घरातूनच. मिस पिगी साकारणारे मूळ कलावंत फ्रँक ऑझ यांनी, पटकथेत पात्रांचा मान राखलेला नाही, अशी टीका करीत दूर राहणे पसंत केले. हा आक्षेप सहज झटकण्याजोगा नाही. हेन्सन १९९० मध्ये निवर्तले आणि २००४ मध्ये बाहुल्यांची मालकी डिस्नेकडे गेली. मग ‘खरा’ कर्मिट कोणता, हे ठरविणार कोण?

प्रेक्षकांनी कौल दिला, पण एकदाच. २०११ च्या चित्रपटाने जगभरात सुमारे साडेसोळा कोटी डॉलर मिळविले. २०१४ च्या पुढील भागाला त्याच्या निम्म्यावर समाधान मानावे लागले. त्यात पुनर्भेट नव्हती. होती ती कर्मिटच्या तोतयाची चोरीकथा.