ठमीचे नखरे

एप्रिल संपत आला की कामठीत घरोघरी कूलर बाहेर निघतात. वर्षभर अंगणाच्या कोपऱ्यात पडलेला तो पत्र्याचा डबा धुवायचा, ताट्या बदलायच्या, टाकीत पाणी भरायचं आणि पावसाची वाट बघत दोन महिने त्याच्यासमोर काढायचे. आमच्या कूलरचा खालचा नळ थोडा गळका आहे. २०२२च्या उन्हाळ्यात आमची ठमी त्या नळाखाली मुक्कामालाच आली. टपटप गळणारा थेंबन् थेंब ती जिभेनं टिपायची. पारा पंचेचाळीसच्या आसपास होता. आई म्हणाली, "माणसांना सोसवत नाही, ते तर मुकं जनावर." मलाही ते पटलं. उन्हाळ्यात जास्त पाणी पिणाऱ्यावर विदर्भात कोण संशय घेणार?

त्याच दिवसांत ठमीनं जेवण सोडलं. अगदी सोडलं असं नाही. हाक मारली की यायची, ताटलीशी बसायची, दूध-पोळी हुंगायची, एकदा ओठांवरून जीभ फिरवायची आणि उठून जायची. घटकाभरानं पुन्हा येऊन पुन्हा तेच. चौदा वर्षं याच घरात याच दूध-पोळीवर वाढलेलं मांजर! "लाडावून ठेवली आहेस तू," आई मला म्हणाली. मी साय घातली, तूप लावलं, एकदा श्रीखंडसुद्धा बोटावर धरलं. बाईसाहेबांनी ते चाटलं आणि तोंड फिरवलं. 'म्हातारपणी नखरे सुचले' असा निकाल आम्ही देऊन टाकला. शिक्षिकेच्या पेशात आयुष्य गेलेल्या माणसाला निकाल द्यायची सवय असते. उत्तरपत्रिका पुरती न वाचता दिलेला हा निकाल होता, हे पुढे कळलं.

आमचं घर माळकऱ्यांचं. आईच्या गळ्यात तुळशीची माळ लग्नाआधीपासूनची. स्वयंपाकघरात कांदा येतो तो चातुर्मास सोडून, आणि अंडं तर कधीच आलं नाही. २००८च्या जुलैत, भर पावसात, ठमी पिल्लू म्हणून आली तेव्हाच आईनं जाहीर केलं होतं, "या घरात राहायचं तर या घरचं खायचं." ठमीनं ते निमूटपणे मान्य केलं, असं आम्ही चौदा वर्षं समजत होतो. पाहुण्यांना आई कौतुकानं सांगायची, "आमचं मांजरही माळकरी आहे हो!"

या समजाला तडा गेला तो भिंतीपलीकडून. आमच्या मागच्या भिंतीला लागून एका विणकर कुटुंबाचं घर आहे. तिथल्या आजींना सगळी आळी खाला म्हणते. कन्हानकाठच्या या छावणीच्या गावात हातमागाची खटखट एके काळी पहाटेपासून ऐकू यायची. सुताला खळ लावलेली, खळीला उंदीर लागणार, म्हणून खालांच्या घरात मांजराला पहिल्यापासून मान. मे महिन्यात एका संध्याकाळी त्या भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "बेटा, तुम्हारी बिल्ली किधर है? महीना हो गया, आई नहीं. उसके छीछडे रोज पडे रहते हैं."

मी विचारलं, "रोज?"

"बरसों से," खाला म्हणाल्या. "दोपहर की नमाज के बाद. घडी मिला लो."

तेव्हा कुठे सगळं ध्यानात आलं. आमची माळकरी ठमी सकाळी आमच्याकडे दूध-पोळीचा प्रसाद घ्यायची, दुपारी भिंत ओलांडून खालांकडे मटणाचे तुकडे खायची आणि रात्री उंदीर-पालींचा समाचार घ्यायची. त्या महिन्यात ती भिंतीवर चढू शकत नव्हती, एवढंच झालं होतं. पाय थकले, भिंत बंद झाली, शिकार बंद झाली आणि तिच्या खऱ्या जेवणाची दोन्ही दारं एकदम लागली. उरली ती आमची दूध-पोळी, जी तिच्या लेखी कधीच जेवण नव्हती. आम्ही मात्र तिच्या नावावर नखरे लिहून मोकळे झालो होतो.

मांजर आणि दूध ही जोडी आपल्या डोक्यात फार घट्ट बसलेली आहे. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात; खरं तर आपणच डोळे मिटून पाजतो. पिल्लू आईचं दूध पचवतं, पण मोठेपणी दुधातली साखर पचवणारं द्रव्य बहुतेक मांजरांच्या पोटात फारसं उरत नाही. मग पोट बिघडतं. श्रीखंडाची तर गंमतच आहे. मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाची चव ओळखणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरकुळात निकामी झालेलं आहे, हे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २००५ साली दाखवून दिलं. घरचं मांजर, वाघ, चित्ता, सगळ्यांचं तेच. ठमीनं श्रीखंड चाटलं ते त्यातल्या स्निग्धतेसाठी, साखरेचं तिला काहीच नव्हतं.

कुत्रा पोळीभातावर निभावून नेतो, मांजर नेऊ शकत नाही. टॉरिन नावाचा एक घटक मांजराच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही; तो मांस-मासळीतूनच मिळावा लागतो. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७५ साली प्रसिद्ध झालं. हृदय फुगून दुबळं होतं, हे १९८७ साली. त्यानंतर तयार खाद्य बनवणाऱ्यांनी त्यात टॉरिन वाढवलं आणि तो हृदयरोग खूप कमी झाला. दूध-पोळीवरची खेड्यापाड्यांतली मांजरं आंधळी का होत नाहीत, याचं उत्तर खालांच्या अंगणात आणि धान्याच्या कोठीत आहे.

मी आईला हे सगळं सांगितलं नाही. आधी ठमीला दाखवणं भाग होतं. गावातल्या एकानं 'वय झालं, आता काय करायचं' म्हणून परत पाठवलं होतं. मग भाजीच्या टोपलीत जुनं पातळ अंथरून, वर फडकं बांधून मी रिक्षानं नागपूर गाठलं. सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ सालचं. लहानपणी तिथं फक्त गाई-बैल नेतात असं वाटायचं. त्या दिवशी रांगेत माझ्यापुढे एक ससा होता.

रक्त-लघवी तपासून डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडं थकली आहेत. म्हाताऱ्या मांजरांचा हा अगदी नेहमीचा आजार. मूत्रपिंडांचं सुमारे दोन-तृतीयांश काम थांबेपर्यंत बाहेरून काही दिसत नाही. मग लघवी पातळ आणि खूप होऊ लागते आणि तेवढंच पाणी प्यावं लागतं. कूलरखालचा तो मुक्काम उन्हाचा नव्हता. आणि ताटलीशी येऊन, हुंगून, ओठ चाटून परत जाणं म्हणजे मळमळ. तिला भूक होती, म्हणून ती येत होती. मळमळत होतं, म्हणून परत जात होती. माणूस 'कसंसंच होतंय' म्हणतो. मांजराला ताटलीपासून उठून जाण्याखेरीज दुसरी भाषा नाही.

परतताना कामठी रोडवर टोपली मांडीवर घेऊन मी हिशेब करत होते. मांजराचं पहिलं वर्ष माणसाच्या पंधरा वर्षांएवढं, दुसऱ्याअखेर चोवीस आणि पुढे दर वर्षाला चार, असा ढोबळ आडाखा मांडतात. म्हणजे ठमी बहात्तरची. आईहून चार वर्षांनी लहान.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं, खालांच्या छीछड्यांसकट. चौदा वर्षांचा अभिमान असा एका संध्याकाळी गेलेला बघणं सोपं नव्हतं. ती बराच वेळ जपमाळ हातात घेऊन बसली, पण ओढत नव्हती. मी म्हटलं, "आई, मी मागच्या अंगणात वेगळी शेगडी मांडते. भांडं वेगळं. तुझ्या स्वयंपाकघरात काही येणार नाही."

ती म्हणाली, "शेगडी मांड. पण तू शाळेत गेल्यावर तिला घालणार कोण?"

मी गप्प राहिले.

"माळ माझ्या गळ्यात आहे बाई, तिच्या नाही," ती म्हणाली. "विठ्ठलानं तिला दात दिलेत ते पोळीसाठी नाहीत, एवढं मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं."

त्यानंतरचे दीड वर्ष आम्ही दोघी पुन्हा शाळेत गेलो म्हणा ना. जे शिकलो ते ज्यांच्या घरी म्हातारं किंवा चोखंदळ मांजर आहे, त्यांच्यासाठी सांगते.

मांजर जिभेपेक्षा नाकानं जेवतं. फ्रिजमधून काढलेल्या गार अन्नाला वास नसतो; तेच कोमट केलं, उंदराच्या अंगाइतकं, की ताटलीशी हालचाल सुरू होते. बिनमिठाचं कोंबडीचं मांस उकडायचं, हाडं काढायची आणि उकडल्याचं पाणी फेकायचं नाही. टॉरिन बरंच त्या पाण्यात उतरतं, शिवाय पोटात पाणी जातं. कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी नासवतात, तेव्हा आपल्या नागपूरच्या सावजी रश्श्यातला तुकडा धुऊनसुद्धा देऊ नये. कच्च्या मासळीची सवय लावू नये. काही मासळ्यांत ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार नासवणारं द्रव्य असतं, शिजवलं की ते जातं. मात्र नुसतं उकडलेलं मांस म्हणजे पूर्ण आहार नव्हे. त्यात चुना नसतो. रोजचं पोट भरायला तयार खाद्य किंवा डॉक्टरांनी आखून दिलेला आहार हवा. मूत्रपिंडाच्या आजारासाठी कमी फॉस्फरसचं खास खाद्य मिळतं. आम्ही ते आणलं. ठमीनं तीन दिवस त्याच्याकडे पाठ केली. तेव्हा डॉक्टर म्हणाले ते मी विसरले नाही: न खाल्लेल्या उत्तम अन्नापेक्षा खाल्लेलं साधं अन्न बरं. मग कोंबडीत चिमूटभर नवं खाद्य मिसळत, रोज थोडं वाढवत, पंधरा दिवसांनी गाडी रुळावर आली.

हट्टी मांजराला 'उपाशी राहील तेव्हा खाईल' हा न्याय लावू नये. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि जीवावर बेततं. जाडं मांजर असेल तर आणखी लवकर. आवडीच्या अन्नात कडू औषध कालवू नये. एकदा मळमळ आणि तो वास यांची गाठ पडली की ते अन्न कायमचं बाद होतं. आणि माणसांची तापाची गोळी, पॅरासिटामॉल, अर्धीसुद्धा देऊ नये. मांजराचं यकृत ती निकामी करू शकत नाही, मांजर मरतं.

म्हातारपणाच्या खुणा अशाच नखऱ्यांच्या वेषात येतात. घास तोंडातून पडतो, मान वाकडी करून चावतं, तर दात दुखत असतात. भरपूर खाऊनही रोडावतं, तर कंठातली थायरॉइड ग्रंथी तपासावी. अंग चाटून स्वच्छ ठेवणं सोडतं, तर ते आळसानं नव्हे. सांधे वळत नाहीत. मातीच्या खोक्याबाहेर घाण करतं, तर कड उंच झालेली असते. आम्ही खोक्याची एक बाजू कापली, पलंगाशी दोन पाट रचले, वाढून गादीत रुतणारी नखं महिन्याला कापली. दर रविवारी मी ठमीला घेऊन वजनकाट्यावर उभी राहायचे आणि माझं वजन वजा करायचे. घरात वजनाची चिंता माझी न होता तिची होते, हा त्यातला फायदा. कातडीखाली सलाईन द्यायलाही डॉक्टरांनी शिकवलं. मी सुई धरायची आणि आई तिच्या कानामागे खाजवत हरिपाठ म्हणायची. त्या दहा मिनिटांत ठमी कधी हलली नाही.

रोजच्या जेवणाचा क्रमही ठरला. थोडं थोडं, पाच-सहा वेळा. दुपारचा घास मात्र खाला भिंतीवरून वाटीत देत. मसाला नसलेला, बारीक चिरलेला. आई दोन्ही हातांनी वाटी घ्यायची, ठमीपुढे ठेवायची आणि मग मोरीवर जाऊन हात धुवायची. तीस वर्षं भिंतीला भिंत लागून असलेल्या या दोघी बायका सणासुदीला शेवया-करंज्या देत-घेत आल्या होत्या. रोज बोलू लागल्या त्या ठमीच्या वाटीमुळे.

२०२३च्या डिसेंबरात, थंडी पडल्यावर, ठमी गेली. शेवटचे दोन दिवस तिनं काहीच घेतलं नाही. त्या वेळी मात्र आम्ही आग्रह केला नाही. नको म्हणण्यातला फरक तोवर आम्हाला थोडाफार वाचता येऊ लागला होता.

तिची स्टीलची ताटली आईनं घासली, पण मांडणीवर ठेवली नाही. मागच्या भिंतीवर, दोन विटांच्या मध्ये ठेवली आणि पाणी भरलं. कुणाचं तरी मांजर येतं, पिऊन जातं. आमच्याकडून भरायची राहिली तर पलीकडून खाला भरतात.