पक्षाघातानंतर पडण्याचे भय

बालरोगतज्ज्ञाने पक्षाघातावर लिहावे, हे वाचकांना काहीसे अप्रस्तुत वाटेल; परंतु इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरी जे पाहिले त्यामुळे लिहिणे भाग पडले.

वडिलांच्या डाव्या अंगावरून वारे गेले. तीन महिन्यांत पायाची शक्ती ५ पैकी ४ पर्यंत आली. मग एके सकाळी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर ते अडखळून पडले. इजा झाली नाही. मात्र त्या दिवसापासून ते पलंग सोडीनात. "अण्णा, थांबा, एकटे उठू नका," असे दिवसातून दहादा बजावणारा मीच होतो.

मर्फी व आयझॅक्स यांनी १९८२ मध्ये पडल्यानंतरच्या या अवस्थेचे वर्णन केले. पुढे १९९० मध्ये मेरी टिनेटी यांनी स्नान, कपडे घालणे, खुर्चीतून उठणे अशा दहा साध्या कामांबाबत 'न पडता हे जमेल' हा विश्वास किती, हे मोजण्याची प्रश्नावली दिली. आपण शक्ती तपासतो, हा विश्वास क्वचितच तपासतो.

भ्यालेला रुग्ण आखूड पावले टाकतो, अंग ताठ धरतो, नजर जमिनीवर खिळवतो आणि सारा भार निरोगी पायावर घेतो. दुबळ्या पायाला सराव मिळत नाही. स्नायू क्षीण होतात, त्या बाजूचे हाड विरळ होते आणि पडण्याचा धोका वाढतच जातो. खुबा मोडतो तोही बहुधा त्याच बाजूचा. अर्थात भय नेहमीच निराधार नसते. तोल, दृष्टी आणि उभे राहताच उतरणारा रक्तदाब आधी तपासलाच पाहिजे.

अ‍ॅडॉल्फ यांच्या २०१२ च्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुले खेळताना तासाला सरासरी २३६८ पावले चालली आणि १७ वेळा पडली! बाळ पडले तर घाबरू नका, असे मी आयांना रोज सांगतो. म्हाताऱ्या हाडांना तो न्याय लावता येत नाही, हे खरे. पण घरी मी अगदी दुसऱ्या टोकाला गेलो होतो.

फिजिओथेरपिस्टबाईंनी चालण्याआधी जमिनीवरून उठणे शिकवले: निरोगी कुशीवर वळायचे, गुडघ्यांवर यायचे, खुर्ची धरून उभे राहायचे. न्हाणीघरात कठडा बसवला, उंबरा काढला. दुबळा हात ओढून उठवण्याची आमची सवय त्यांनी मोडली, खांदा निखळतो. कमरेला पट्टा बांधून दुबळ्या बाजूला, किंचित मागे उभे राहायला शिकवले.

गेल्या महिन्यात अण्णा ओट्यापर्यंत गेले. मी पट्ट्याकडे हात नेताच म्हणाले, "तू जरा लांबच राहा."