समुद्र विसरलेला मासा

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आपाकडे अमेरिकेत, डॅलसला गेलो होतो. सोबत अब्बा होते. त्यांची सारी हयात रायगडच्या खाडीकाठी गेलेली. दोन दिवस घरात बसून ते कंटाळले, तेव्हा दुल्हाभाईंनी मासेमारीचा बेत आखला. पहाटे चारला निघालो आणि फजरची नमाज तलावाच्या काठावरच अदा केली.

तलावाचं नाव टेक्सोमा. टेक्सस आणि ओक्लाहोमा या दोन राज्यांच्या सीमेवर, रेड नदीवरच्या डेनिसन धरणाचा हा जलाशय. धरण 1944 साली पुरं झालं. पसारा सुमारे 36 हजार हेक्टर. अब्बांनी ओंजळभर पाण्याने चूळ भरली आणि म्हणाले, "मचूळ आहे की रे!" त्यांची जीभ चुकली नव्हती. रेड नदी वरच्या भागातल्या नैसर्गिक झऱ्यांचं मीठ घेऊन येते.

आम्हाला हवा होता तो स्ट्राइप्ड बास, म्हणजे तिकडच्या बोलीत स्ट्रायपर. चंदेरी अंगावर सात-आठ काळ्या रेघा. हा मूळचा अटलांटिक किनाऱ्याचा मासा. राहतो समुद्रात आणि अंडी घालायला नदीत चढतो. आपल्या जिताड्याचं याच्या नेमकं उलट. तो वाढायला खाडीत, गोड्या पाण्यात येतो आणि विणीसाठी खाऱ्याकडे जातो. 1941 मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या सँटी-कूपर धरणात पाणी अडवलं, तेव्हा काही स्ट्रायपर आत अडकले. ते मरतील असं वाटलं होतं. पण समुद्राचं तोंड न पाहता ते तिथेच वाढले आणि वरच्या नद्यांमध्ये त्यांची वीणही सुरू राहिली. मग इतर राज्यांनी आपापल्या तलावांत हा मासा सोडायला सुरुवात केली. टेक्सोमात तो 1965 पासून सोडला गेला.

सगळीकडे मात्र तो आपणहून वाढत नाही. त्याची अंडी सुमारे दोन दिवस वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात. तळाच्या गाळात बसली की गुदमरली. टेक्सोमाला येऊन मिळणाऱ्या रेड आणि वॉशिटा या नद्या लांब आहेत, आणि ते मचूळ पाणी अंडी तरंगायला मदत करतं. इतर बऱ्याच तलावांत हॅचरीत संप्रेरकाची सुई टोचून अंडी मिळवावी लागतात. आपल्याकडे डॉ. हिरालाल चौधरींनी 1957 साली कार्प माशांवर हाच मार्ग यशस्वी केला होता. धरणांत सोडायला रोहू-कटल्याचं बीज मिळतं ते त्याच वाटेने. (आमच्या नववीच्या मुलांना हे आता न चुकता सांगतो.)

मोसम शरदातलाच का? उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि तळाशी प्राणवायू उरत नाही, त्यामुळे स्ट्रायपर मधल्या थरात कोंडतो. हवा गार झाली की वरचं पाणी थंड आणि जड होऊन खाली बसतं, सगळा तलाव ढवळला जातो आणि मासा मोकळा होतो. त्याच सुमारास शॅड नावाच्या छोट्या माशांचे थवे ओढ्यांच्या मुखांकडे सरकतात. लार्जमाउथ बास काठाच्या झुडपांत दबा धरून त्यांना टिपतो. नावात बास असला तरी तो स्ट्रायपरचा सख्खा नव्हे, कुळ निराळं. स्ट्रायपर मात्र टोळीने येतो, शॅडला खालून रेटत वर आणतो, आणि वरून पाणपक्षी तुटून पडतात. पक्षी दिसले की नाव तिकडे वळवायची.

नावाडी आमिषासाठी शॅड पकडू लागला, तेव्हा अब्बा उठूनच उभे राहिले. "अरे, हा तर आपला पाग!" त्याच्या हातून जाळं घेऊन त्यांनी एकदा फेकलंही. गोल पडलं. नावाड्याने टोपी काढली.

सूर्य वर आला आणि डाव्या हाताला पाणी उकळल्यासारखं झालं. पुढचा तासभर कोणी बोललंच नाही. तिथला नियम असा, की एका माणसाला दिवसाला दहा स्ट्रायपर, आणि त्यांतले वीस इंच किंवा त्याहून मोठे फक्त दोन. दुल्हाभाईंचे दोन मोठे झाले होते. तेवढ्यात तिसरा लागला, सगळ्यांत मोठा. गळ घशात खोल रुतला होता आणि कल्ल्यांतून रक्त येत होतं. नावाडी म्हणाला, सोडावा लागेल.

"हा जगणार नाही," अब्बा म्हणाले. "माझ्या नावावर घाला."

पण अब्बांकडे परवाना नव्हता. आणि असता तरी ज्याने पकडला त्याच्याच खात्यावर मासा. दुल्हाभाईंनी दोरा गळाजवळ कापला, मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला आणि सोडला. तो कुशीवर झाला, जरा हलला, मग वाऱ्याबरोबर वाहत गेला. एक पक्षी त्याच्याजवळ उतरला.

परतताना गाडीत वाद झाला. अब्बांचं म्हणणं, अन्न फेकायला लावणारा कायदा कसला? दुल्हाभाई म्हणाले, ही सवलत दिली तर प्रत्येकाचा तिसरा मासा घशातच अडकलेला निघेल. आम्हाला दोघांचंही पटत होतं, म्हणून गप्प बसलो. आपाने रात्री तिखट-हळद लावून तुकड्या तळल्या. मांस पांढरं, घट्ट, जिताड्याच्या जवळ जाणारं. अब्बांनी दोनच घेतल्या.

परवा आपाचा फोन आला होता. दुल्हाभाईंनी जुने गळ काढून सर्कल हुक आणलेत. त्यांचं टोक आत वळलेलं असतं, त्यामुळे ते बहुधा घशात न रुतता ओठाच्या कोपऱ्यात बसतात. अब्बांनी एक नमुना मागवला आहे.